थरांची साक्ष

खडकाचे वर्णन करणे आणि खडकाविषयी मत देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला आरंभीच बजावले जाते. वहीत आधी थराची जाडी, रंग, कणांचा आकार, कल किती अंशांचा, खालच्या थराशी त्याचा सांधा सरळ की खडबडीत, एवढेच लिहावयाचे. 'येथे पूर्वी नदी वाहत होती' हे वाक्य त्यानंतर, आणि वेगळे. (आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवरील आडवे पट्टे पाहून त्यांनाही कोणी गाळाचे थर म्हणेल, ते आहेत लाव्हाचे.) शेजाऱ्याविषयी बोलताना ही शिस्त आपण पाळतो काय?

या शास्त्राचा पाया घालणारे निकोलस स्टेनो १६३८ साली कोपनहेगनला जन्मले. ते मूळचे लुथरपंथी, व्यवसायाने शरीररचनेचे अभ्यासक. १६६६ मध्ये त्यांनी फ्लॉरेन्स येथे एका प्रचंड शार्क माशाच्या डोक्याचे विच्छेदन केले आणि खडकांत सापडणारे 'जिभेचे दगड' हे अशाच माशांचे दात असल्याचे प्रतिपादले. १६६७ साली ते कॅथलिक झाले. १६६९ च्या ग्रंथात त्यांनी दोन नियम मांडले: तळचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि आज तिरपा दिसणारा थर मुळात आडवाच साचलेला असतो. पुढे ते धर्मगुरू व बिशप झाले. पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी १९८८ मध्ये त्यांना धन्य घोषित केले.

त्यांतला दुसरा नियम आम्हांला अधिक अस्वस्थ करतो. तिरपा थर पाहून भूशास्त्रज्ञ 'हा असाच घडला' असे म्हणत नाही. नंतर त्यावर कोणता दाब आला, हे तो शोधतो. वाकड्या वळणाच्या माणसाबद्दल इतका धीर आपल्यापाशी क्वचितच असतो. अर्थात ही तुलना फार ताणू नये. दगडाला पाप करता येत नाही, माणसाला येते. आणि दाब हे प्रत्येक अपराधाचे उत्तर नव्हे.

मग अनुमान करूच नये काय? तसे नव्हे. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सिकार पॉइंट येथे जेम्स हटन १७८८ साली होडीने गेले. त्यांना दिसले ते एवढेच: खाली करड्या खडकाचे जवळजवळ उभे थर, आणि त्यांच्या झिजलेल्या टोकांवर तांबड्या वालुकाश्माचे किंचित कललेले थर. त्यावरून काढलेले अनुमान मात्र अवाढव्य होते. समुद्रतळी गाळ साचला, त्याचा खडक झाला, तो दुमडून उभा राहिला, झिजला, आणि मग त्यावर नवा गाळ बसला. याला कोणी आगाऊपणा म्हणत नाही, कारण खडक तेथेच आहे. कोणीही जाऊन पडताळून पाहावे. आठव्या आज्ञेचा भंग आपल्या हातून बहुधा येथेच होतो. ज्याच्याविषयी आपण पाठीमागे बोलतो, त्याला पडताळा देण्याची संधी कोण देतो?

खालचे थर सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीचे, वरचे सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीचे, असे आज मानले जाते. मधल्या कोट्यवधी वर्षांना तेथे जाडीच नाही. दोन रंग भेटतात ती ओबडधोबड रेघ, एवढीच त्यांची खूण. चांगला निरीक्षक त्या रेघेचा आकार टिपतो, मधल्या काळाचा थर येथे नाही असे लिहितो, आणि वरच्या थराचे माप घेऊ लागतो.