‘भूकंप’ या समासात पाप कुठे आहे?

मी सास्तूरचा, इंग्रजीचा शिक्षक. ‘अर्थक्वेक’ हा शब्द आला की मुलांना समास सोडवायला लावतो. ‘अर्थ’ म्हणजे भुई, ‘क्वेक’ म्हणजे थरथरणं. दोन्ही अस्सल जुने इंग्रजी शब्द. त्यांचा जोडशब्द झाला चौदाव्या शतकाच्या सुमारास. त्याआधीच्या इंग्रजीत ‘भुईचा आवाज’ अशा अर्थाचाही एक जोडशब्द भूकंपाला होता. आमची आजी तेच सांगायची, “आदी आवाज आला बग, मग भुई हालली.”

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६ला आमच्याकडे भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून गाव निजलं होतं. पुढे कितीतरी वर्षं आजी विचारत राहिली, “कुणाचं पाप भोवलं रं?”

प्रश्न जुना आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त भूकंपाविषयीची मतं नोंदवली : पाण्यातले महाकाय प्राणी, भार वाहून थकलेले दिग्गज (दिशांचे हत्ती), वाऱ्यांची टक्कर, आणि अदृष्ट, म्हणजे कर्माचं फळ. १९३४ला बिहार हादरला तेव्हा गांधीजी म्हणाले, ही अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा. रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला आणि गांधीजींनी तो ‘हरिजन’मध्ये छापला. गांधीजींना मी मनापासून मानतो, पण या वादात मी रवींद्रनाथांचा. पाळण्यातल्या लेकराने कसलं पाप केलं होतं? मागच्या जन्माचं म्हणाल, तर आपल्या मनाला उत्तर मिळावं म्हणून मेलेल्यालाच गुन्हेगार ठरवणं झालं. देव असा हिशेब ठेवत असेल, हे मला पटत नाही.

आमच्याकडे माणसं मेली ती भिंतींखाली आणि माळवदाखाली. काळ्या दगडाच्या, चिखलात रचलेल्या रुंद भिंती. आतला दगड बाहेरच्या दगडाला बांधलेला नाही. वर लाकडावर मातीचा थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर आणखी माती टाकायची, पुढच्या वर्षी आणखी. बापाने, आजोबाने मायेने टाकलेली ती माती. तिला पाप म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

भू आणि कंप. तिसरं पद समासात नाही, ते आपण जोडतो. कुणी अजून जुन्या दगडमातीच्या घरात राहत असेल, तर आधी माळवदावरची जास्तीची माती उतरवा.