कथेतल्या माणसाचा आनंद

कथेतला माणूस खरा केव्हा वाटतो? त्याच्या दुःखाने वाचकाचे डोळे पाणावले की तो खरा, असे आम्ही पुष्कळ दिवस समजत होतो. मुकुंदवाडीने आमचा हा समज दूर केला.

२०१९ च्या पाणीटंचाईत मुकुंदवाडीतील काही मुले घागरी, डबे घेऊन आगगाडीत चढत, तेव्हाच्या औरंगाबाद स्थानकावर पाणी भरत आणि परतीच्या गाडीने घरी येत. जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटरांचा हा फेरा. त्या बातम्या वाचून आम्ही एक कथा रचली. नायिका दहा वर्षांची. हातात जड हंडा, डोळ्यांत आसवे, ओठांवर तक्रार नाही. डब्यात लोक तिच्यावर खेकसत आणि ती मुकाट्याने सोशी. लिहिताना आमचेच मन भरून आले.

वस्तीतील एका आजींना आम्ही ही कथा वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ही पोरगी खिडकीपाशी बसायला भांडत न्हाई का?"

आम्ही निरुत्तर झालो. आमची नायिका एकदाही हसली नव्हती. तिने कुणाच्या अंगावर पाणी उडवले नव्हते, की गाडीला उशीर झाला म्हणून फलाटावर खेळ मांडला नव्हता. तिला आम्ही फक्त तहान दिली होती. ती मुलगी नव्हतीच. हातपाय फुटलेला अर्ज होता.

कुणी म्हणेल, गरिबाचा आनंद रंगवला तर सुखवस्तू वाचक निश्चिंत होईल. मुले हसतात, म्हणजे त्यांचे बरे चालले आहे, असे म्हणेल. ही भीती खोटी नाही. परंतु आनंद मुलांचा असतो, टंचाईचा नसतो. ज्या मुलीला खेळ ठाऊक आहे, तिचाच खेळ हंडा हिरावून घेतो. आनंद वगळला, तर तिचे काय हिरावले गेले हे वाचकाला कळणार तरी कसे?

मराठवाड्याचे लेखक रा. रं. बोराडे यांनी 'पाचोळा' (१९७१) ही कादंबरी गंगाराम शिंप्याच्या पत्नीच्या, पारबतीच्या तोंडून सांगितली. लेखक बाजूला झाला, म्हणून ती बाई आपल्या बोलीत बोलू शकली. आणि प्रभू येशूचा दाखला तर आपण लहानपणापासून ऐकतो. दहा नाण्यांपैकी एक हरवलेली ती स्त्री दिवा लावते, घर झाडते, आणि नाणे सापडताच शेजारणींना हाका मारते. तिचे नावही आपल्याला ठाऊक नाही. तरी ती आपल्या आळीतली वाटते. एका नाण्यासाठी घर झाडणारी ती स्त्री आपला आनंद मात्र एकटीपुरता ठेवत नाही. तिचे नुकसान आणि तिचा हर्ष, दोन्ही प्रभूने पाहिले होते.

आम्ही कथा पुन्हा लिहिली. आता ती मुलगी भावाशी भांडून खिडकी मिळवते. बाहेर पाहण्यात दंग होते, हंडा कलंडतो, निम्मे पाणी सांडते. पहिल्या कथेत तिच्यासाठी आम्ही पानभर अश्रू ढाळले होते. येथे एकही नाही. तरीही आजी त्या ठिकाणी "अगं बाई!" म्हणून चटकन पुढे झुकल्या, जणू हंडा सावरायलाच.

शेजाऱ्यावर प्रीती करा, ही आज्ञा आपण जाणतो. त्याच्या दुःखाबरोबर त्याच्या हसण्याचीही दखल घेणे, हा त्या प्रीतीचाच भाग आहे असे आम्हांला वाटते. लिहिणाऱ्याने ते करावेच. न लिहिणाऱ्यालाही त्यातून सूट नाही.