संशयाचा फायदा कोणाला?

तराजूची दोन्ही पारडी समतोल राहिली, तर न्याय करणाऱ्याने काय करावे? ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणून तो मोकळा होऊ शकत नाही. कारण निकाल न देणे हाही अर्जदाराच्या विरुद्ध गेलेला निकालच असतो. संशय हा कोणाचाच अपराध नसला, तरी त्याचे ओझे कोणाला तरी वाहावेच लागते. ते कोणी वाहावे, हा प्रश्न जितका कायद्याचा तितकाच नीतीचाही आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांनी मूत्रपिंडाच्या विकारांबद्दल केलेल्या अपिलांत तो विशेष स्पष्टपणे समोर येतो; म्हणून त्या अपिलांच्या आधारे त्याचा विचार करू.

सैनिकी सेवेमुळे जडलेल्या विकाराबद्दल त्या देशात माजी सैनिकाला अपंगत्वाची भरपाई मिळते. नियमित डायलिसिस घ्यावे लागत असेल, तर अपंगत्व शंभर टक्के धरले जाते. दावा फेटाळला गेल्यास १९३३ साली स्थापन झालेल्या माजी सैनिक अपील मंडळाकडे दाद मागता येते. मंडळाचे निकाल अर्जदाराचे नाव वगळून प्रसिद्ध होतात. दावा मान्य होण्यासाठी सामान्यतः तीन गोष्टी दिसाव्या लागतात : आज विकार आहे, सेवाकाळात काही आजार, इजा वा घटना घडली होती, आणि या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे. पहिली गोष्ट रक्ततपासणी सांगते. खरा वाद बहुधा तिसरीवर असतो.

मूत्रपिंड हे फार सोशीक इंद्रिय आहे. त्याची निम्मी शक्ती जाईपर्यंत पुष्कळदा वेदना नसते आणि रक्ताच्या तपासणीतही फारसे काही दिसत नाही. त्यामुळे सेवामुक्तीच्या वेळच्या कागदावर ‘प्रकृती ठीक’ असा शेरा असतो आणि वीस-तीस वर्षांनी तोच मनुष्य डायलिसिसच्या यंत्राला जोडला जातो. शिवाय कारणेही परस्परांत गुंतलेली. रक्तदाब मूत्रपिंडाला बिघडवतो आणि बिघडलेले मूत्रपिंड रक्तदाब वाढवते. सेवेत दुखावलेल्या गुडघ्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही मूत्रपिंडावर घाला घालू शकतात. कायदा अशा दुय्यम विकारालाही सेवेशी जोडतो. इतकेच नव्हे, तर वेगळ्या कारणाने झालेला विकार सेवेतील विकारामुळे बळावला असेल, तर त्या वाढीपुरती भरपाई द्यावी, असे तेथील न्यायालयाने १९९५ साली ठरवले. तरीही एक वैद्य ‘संबंध आहे’ म्हणतो, दुसरा ‘वय आणि मधुमेह’ म्हणतो. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

अशा वेळी त्या देशाचा कायदा सांगतो की, अनुकूल व प्रतिकूल पुरावा जवळजवळ समतोल असेल, तर संशयाचा फायदा सैनिकाला द्यावा. क्रिकेटमध्ये पंचाला खात्री नसेल तर फायदा फलंदाजाला मिळतो, तसाच हा नियम. पण खेळात तो सोयीसाठी असतो. येथे त्याला नैतिक पाया आहे. सैनिकाला धोक्याच्या जागी ज्याने पाठवले, त्यानेच धोक्याबद्दलच्या अज्ञानाची किंमत मोजावी, हे त्याचे पहिले कारण. दुसरे असे की, पुराव्याचे कागद ज्याच्याविरुद्ध दावा आहे त्याच्याच कपाटात असतात. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील अभिलेखागाराला आग लागून सुमारे एक कोटी साठ ते ऐंशी लाख सैनिकांच्या फायली नष्ट झाल्या. त्या राखेचा दोष सैनिकाच्या माथी मारणे न्याय्य ठरेल काय? तिसरे कारण चुकीच्या परिणामांचे आहे. चुकून दिलेली भरपाई राष्ट्राच्या तिजोरीला क्वचितच जाणवते. चुकून नाकारलेली भरपाई एका कुटुंबाला उद्ध्वस्त करू शकते.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. जनतेचा पैसा हीसुद्धा ठेवच आहे. केवळ दया आली म्हणून ती उधळणे हा न्याय नव्हे. हा आक्षेप खरा आहे आणि कायदाही तो मानतो. पारडे स्पष्टपणे विरुद्ध झुकले असेल, तर हा नियम लागू होत नाही. निव्वळ तर्काला पुराव्याचे वजन नसते. सैनिकाचे सगळे ऐकून, कारणे देऊन केलेला नकार हाही त्याच्या प्रतिष्ठेचा मानच आहे. परंतु करुणेने सत्याला झाकू नये हे जितके खरे, तितकेच हेही खरे की, सावधगिरीच्या नावाखाली कठोरपणाने सत्याची जागा बळकावू नये. ‘कागदावर नोंद नाही’ आणि ‘घटना घडली नाही’ ही दोन विधाने एक नव्हेत. समकालीन वैद्यकीय नोंद नाही एवढ्याच कारणावरून सैनिकाचे सांगणे अविश्वसनीय ठरवता येणार नाही, असे तेथील न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केले.

ज्ञानही बदलते, हे विसरता कामा नये. व्हिएतनाम युद्धात ‘एजंट ऑरेंज’ नावाचे तणनाशक फवारले गेले. त्याच्याशी संबंधित मानल्या जाणाऱ्या विकारांत प्रौढ वयातील मधुमेहाचा समावेश २००१ मध्ये झाला, रक्तदाबाचा २०२२ मध्ये. दोन्ही विकार मूत्रपिंड निकामी करणारे. ज्याचे मूत्रपिंड रक्तदाबाने गेले, त्याला २०२२ पूर्वी हा संबंध स्वतःच सिद्ध करावा लागत असे. रोग तोच होता, माणूसही तोच होता; बदलली ती आपली समज. अपील चालू असताना सैनिक मरण पावल्यास पात्र पत्नी वा अन्य वारस ते पुढे चालवू शकतात, अशी तरतूद २००८ साली करावी लागली, यातच सारे आले.

आणि शेवटी तराजू कोणाच्या हाती आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. मंडळाने पुरावा समतोल मानला नाही, तर वरच्या न्यायालयाने तो नव्याने तोलावा काय? मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ‘नाही’ असे उत्तर दिले. वस्तुस्थितीच्या प्रश्नात उघड चूक असेल तरच हस्तक्षेप व्हावा. म्हणजे नियम कितीही उदार असो, पहिल्यांदा तोलणाऱ्याचे मन कोते असेल तर तो कागदावरच राहतो. आपल्या देशातही १९८२ च्या नियमांत हेच तत्त्व होते, आणि २०१३ साली धरमवीर सिंग यांच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा सैनिकाला दिला.

संशयाचा फायदा देणे म्हणजे उपकार करणे नव्हे. ती ऋणफेड आहे. ज्याने आपल्यासाठी शरीर झिजवले, त्याच्याकडे त्या झिजेची पावती मागण्यापूर्वी पावतीपुस्तक कोणाकडे होते, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. हा प्रश्न केवळ सरकारांपुरता नाही. आयुष्यभर राबलेला बाप, गिरणीतून वा शेतातून थकून आलेली आई, घरकाम करणारी बाई, यांच्या दुखण्याविषयी आपल्याला शंका येते, तेव्हा तराजू आपल्याच हातात असतो.