पाकीट फोडलंच नाही

बसा. चहा नंतर. आधी दार ओढून घ्या. पोरांसमोर तुम्हाला सर आणि मॅडम म्हणूनच उभं राहायचंय, त्यांच्या कानावर हे जायला नको.

25,000 रुपये होते. आपल्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं शाळेच्या ग्रंथालयासाठी पाठवलेले. मी तुम्हा तिघांना लातूरला धाडलं, दिवसभराची सुटी दिली, एसटीचं भाडं दिलं. तुम्ही आणलेली खोकी काल रात्री इथंच फरशीवर बसून मोजली. 118 पुस्तकं. त्यातली 74 सामान्यज्ञान आणि स्पर्धा परीक्षांची. 20 यशस्वी कसं व्हावं या जातीची. एकाच्या मुखपृष्ठावर शिडी, दुसऱ्यावर गरुड, आतला मजकूर सख्ख्या भावांसारखा. 13 थोर पुरुषांची पातळ चरित्रं, ज्यांत प्रत्येक थोर पुरुष लहानपणापासूनच हुशार असतो. आणि ‘अग्निपंख’च्या 11 प्रती. पुस्तक चांगलं आहे, कलामांबद्दल मला आदर आहे. दोन प्रती आणल्या असत्या तर मी काही बोललो नसतो. अकरा कशाला? 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या फोटोत पहिली रांग एकसारखी दिसावी म्हणून?

चाळीस टक्के सूट मिळाली, हे तुम्ही मला दोनदा सांगितलंत. दुकानात जे पडून होतं ते त्यानं तुमच्या गळ्यात मारलं आणि तुम्ही मान पुढं केलीत. त्याला मी बोल लावत नाही, त्याचा धंदा आहे. तुमचा धंदा कोणता?

आता हे बघा. ओळखीचं वाटतंय का? खाकी पाकीट. तुम्ही निघालात तेव्हा मीच तुमच्या हातात दिलं होतं. पाचवी ते दहावीच्या पोरांनी, आपल्याला काय वाचावंसं वाटतं, ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकलं होतं. 146 चिठ्ठ्या. डिंकानं पाकीट डकवलं ते मी. आणि काल खोक्याच्या तळाशी ते मला जसंच्या तसं डकवलेलं सापडलं. लातूरला जाऊन आलं, पण फोडलंच नाही.

मी त्या चिठ्ठ्या डकवण्याआधी वाचल्यात. एकानं लिहिलंय, ‘भुताचं’. एवढाच शब्द. एका मुलीला कोंबड्यांच्या रोगावर पुस्तक पाहिजे, कारण घरी कोंबड्या मरायल्यात. एकाला ‘मोट्या अक्षराचं, आजीला वाचून दाखवायचंय’. एकानं लिहिलंय, ‘ज्यात शेवटी कुणी शिकवत नाही असं.’ त्या पोराला मी शोधणार आहे, रागवायला नव्हे.

आणि तुम्ही काय म्हणालात? ‘सर, आजकालची लेकरं वाचतच नाहीत.’ कशावरून? कपाटाला कुलूप, चावी क्लार्ककडं, क्लार्क ऑडिटच्या धाकानं पुस्तक सहसा बाहेर काढू देत नाही, कारण पुस्तकं चढवलीत डेड स्टॉक रजिस्टरला. टेबल, खुर्च्या, लोखंडी घंटा आणि त्यांच्या खाली ‘बनगरवाडी’! नाव डेड स्टॉक, आणि वर विचारता की मेलं कसं.

त्या ‘बनगरवाडी’चंच सांगतो. माडगूळकरांचं 1955चं पुस्तक, आपल्याकडची प्रत बांधणी सुटलेली. मागच्या पानावरच्या कार्डावर एकाच पोराचं नाव पाच वेळा आहे. पाच वेळा! मन्याडकाठच्या धनगराचं पोरगं, तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसतं. प्रगतिपुस्तकात तुम्ही त्याला शेरा दिलाय, ‘वाचन सुधारावे’. त्याला मी विचारलं, पाचदा तेच का रे? म्हणालं, ‘सर, मेंढरांचं दुसरं नाही ना आपल्याकडं.’ चितमपल्लींचं एखादं जंगलाचं, पाखरांचं पुस्तक त्याच्या हातात पडलं असतं तर? तुम्ही त्याच्यासाठी काय आणलंत? तलाठी भरतीचा प्रश्नसंच. पोरगं आठवीत आहे हो.

गणिताचे सर, तुम्ही मान खाली घालू नका, वर बघा. तुमच्याच जातकुळीचे एक होते, एस. आर. रंगनाथन. मद्रासला गणित शिकवायचे, 1924 साली विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातल्या दोन नियमांचा मतलब असा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. गणिताच्या माणसाला हे कळलं, कारण त्यानं आधी माणसं मोजली आणि मग पुस्तकं. तुम्ही टक्के मोजलेत.

लातूरचा तर मला वेगळाच राग आहे, पण तो तुमच्यावर काढत नाही. थोडा काढतो. तिथं परवा एका पोराला विचारलं, कुठं असतोस दिवसभर? म्हणाला, लायब्ररी लावलीय. मला बरं वाटलं. जाऊन बघतो तर पुठ्ठ्याच्या आडोशांची खुराडी, महिन्याचं भाडं, चार्जिंगची सोय, एसी पाहिजे तर जास्तीचे पैसे. पुस्तक एक नाही. पोरांनी आपापली घेऊन यायची, आणि ती सगळी एकाच जातीची. कष्ट करतात बिचारी, त्यांना नावं ठेवणार नाही. पण ज्या राजर्षी शाहू कॉलेजाच्या नावानं लोक लेकरांना घेऊन लातूर गाठतात, त्याचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्यावर मराठीत पुस्तक लिहिलं. लातूर पॅटर्न म्हणताना हा पॅटर्न कुणाला आठवत नाही.

आणि नांदेड? नरहर कुरुंदकरांचं नाव तुम्ही भाषणात घेता. ते आधी शाळामास्तर होते, आपल्यासारखे. नंतर पीपल्स कॉलेजात प्राध्यापक, मग प्राचार्य. भरताचं नाट्यशास्त्र, मनुस्मृती, मराठी कादंबरी, शिवाजी महाराज, हैदराबादचा लढा, सगळ्यावर बोलले, लिहिले. रणजित देसाईंच्या ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना त्यांची. 1982 साली पन्नाशीच्या आत गेले. एका माणसाला एवढं लागत होतं, आणि आपण 146 लेकरांना एकच गोळी देतो, ताप असो की पोटदुखी.

मॅडम, तुम्ही मराठी शिकवता. तांड्यावरून आपल्याकडं किती मुली येतात? घरी गोरमाटी बोलतात, इथं आल्या की गप्प. आत्माराम राठोडांचं ‘तांडा’ मोठ्या मुलींना द्यायला कधी विचारलंत दुकानात? इकडं देगलूर-बिलोलीकडं तेलुगू कानावर पडतं, तिकडं उदगीर-देवणीकडं कन्नड, नांदेडात उर्दू आणि पंजाबी. एवढ्या भाषांच्या वेशीवर आपण राहतो आणि आपल्या कपाटाची भाषा एकच, ‘अतिसंभाव्य प्रश्नसंच’. 2022च्या एप्रिलात उदगीरला साहित्य संमेलन झालं, भारत सासणे अध्यक्ष. तुम्ही तिघंही गेला होतात, फोटो मी पाहिलेत. पुस्तकांच्या मांडवासमोर उभे आहात. हातात एकाच्याही पिशवी नाही.

काय म्हणालात? भुताखेताचं देणं बरं दिसत नाही? अहो, मी बाबूराव अर्णाळकर भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचलेत. धारपांचं वाचून रात्री लघवीला बाहेर जायला घाबरलोय. त्या भीतीपायी पुढचं पान उलटलं, म्हणून आज तुमच्यासमोर मुख्याध्यापक म्हणून बोलतोय. चव लागायला आधी तोंडात काहीतरी जावं लागतं. फास्टर फेणे आणा, नारळीकरांचं ‘यक्षांची देणगी’ आणा. मोटारीचा स्टार्टर खोलून बसणारं ते नववीचं पोरगं दोन दिवसांत संपवील. भास्कर चंदनशिवांच्या कथा आणा. टोमॅटोचा भाव पडला की आपल्या पोरांच्या घरी काय होतं ते त्यांना ठाऊक आहे; ते पुस्तकात येऊ शकतं, हे त्यांना ठाऊक नाही.

तर ऐका. पावती आहे ना? बरं. ‘अग्निपंख’च्या दोन प्रती ठेवायच्या, सामान्यज्ञानाची दहा, चरित्रं राहू द्या. बाकी खोकी दोरीनं बांधा. सकाळच्या एसटीनं तुम्ही तिघं पुन्हा लातूरला जाणार. दुकानदार पैसे देणार नाही, बदलून देईल. कुरकुर करील, तुम्हीही करा. शंभर पुस्तकं आणली आणि त्यांत शंभर वेगवेगळी नावं असली तर मला चालेल, एकही सारखं नको. कोंबड्यांचं तिथं मिळालं नाही तर परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा. क्लार्कला मी सांगतो, चावी उद्यापासून दहावीच्या मुलींकडं. हरवलं पुस्तक तर माझ्या पगारातून भरू.

आणि तो चहा आता येऊ द्या, वेळ लागणार आहे. हे घ्या पाकीट. इथंच फोडा, माझ्यासमोर. एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचायची, समोर पुस्तकाचं नाव लिहायचं, नाव सुचलं नाही तर पुढं जायचं नाही. मॅडम, तुम्ही लिहून घ्या. गणिताचे सर, तुमच्यापासून. हं, पहिली.