त्रास आणि धोका

हृदयविकारावरची आपली सार्वजनिक चर्चा दोन प्रश्नांच्या पलीकडे जात नाही. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी, केवढ्याला पडतो, आणि डॉक्टर लुटतात का? फेब्रुवारी २०१७मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली, तेव्हा कुणी सरकारची पाठ थोपटली, तर कुणी चांगले परदेशी स्टेंट आता मिळेनासे होतील म्हणून गळा काढला. किंमत उतरली हे चांगलेच झाले. पण ज्या वस्तूच्या भावावरून आपण एवढे हमरीतुमरीवर आलो, ती वस्तू शरीरात जाऊन नेमके काय काम करते, हे त्या गदारोळात कुणी विचारले नाही. ते अजूनही कुणी विचारत नाही. अनावश्यक अँजिओप्लास्टीचा विषय निघाला की गाडी लगेच ‘कट प्रॅक्टिस’वर, रुग्ण पाठवल्याच्या कमिशनवर, येऊन थांबते. कट आहे, लूट आहे, यात वाद नाही. तरीही उद्या सगळे डॉक्टर सचोटीचे झाले आणि स्टेंट फुकट वाटले गेले, तरी अनावश्यक स्टेंट थांबतील असे मला वाटत नाही. कारण दुखणे दानतीचे जेवढे आहे, त्याहून जास्त समजुतीचे आहे.

ती समजूत अशी : हृदयाच्या धमन्या म्हणजे नळ. नळात गाळ साचतो, नळ तुंबतो आणि एक दिवस पाणी बंद होते. म्हणून तुंबलेली जागा शोधा, मोकळी करा, माणूस वाचला. डॉक्टर असेच सांगतात, रुग्णाला तेच पटते, आणि डॉक्टरांना शिव्या घालणाराही मनातून तेच धरून असतो. दुधीच्या रसाने ब्लॉकेज विरघळवणाऱ्यांच्या डोक्यातही तोच नळ आहे, त्यांची फक्त सफाईची पावडर वेगळी.

नळाची कल्पना इतकी घट्ट बसली याला इतिहास कारणीभूत आहे. फोर्समन या डॉक्टरने १९२९ साली स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी सरकवली. १९५८मध्ये क्लीव्हलंडला सोन्स या हृदयतज्ज्ञाच्या हातून रंगद्रव्य चुकून थेट कोरोनरी धमनीत गेले आणि जिवंत माणसाच्या हृदयाच्या धमन्या पडद्यावर दिसू लागल्या. तिथेच फावालोरो या शल्यचिकित्सकाने १९६७मध्ये पायातली शीर काढून बायपास केला, आणि १९७७मध्ये झुरिकला ग्रुंट्झिग या डॉक्टरने धमनीत फुगा फुगवून अँजिओप्लास्टी केली. ही कथा थोर आहे यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम आपण ध्यानात घेतला नाही. ज्या दिवशी धमनीतली अरुंद जागा दिसू लागली, त्या दिवसापासून आजार म्हणजे ती जागा, असे ठरून गेले.

कॅथ लॅबमध्ये, म्हणजे जिथे धमन्यांची ही तपासणी, अँजिओग्राफी, होते त्या खोलीत, हे रोज घडताना दिसते. मनगटातून नळी वर गेलेली असते. रंग सोडला की पडद्यावर काळ्या फांद्या क्षणभर उमटतात आणि पुसल्या जातात; एका फांदीत मध्येच बारीक झालेली जागा स्पष्ट दिसते. मग नातेवाइकांपैकी एकाला, बहुतेक थोरल्या मुलाला नाहीतर जावयाला, आत बोलावतात. काचेपलीकडे वडील टेबलावर आडवे, जागे. डॉक्टर पडद्यावर बोट ठेवतात. “हे बघा, इथे नव्वद टक्के आहे. आत्ताच टाकून घेऊ या का? पुन्हा आत घ्यायला नको.” मुलगा विचारतो, “साहेब, काही धोका तर नाही ना?” उत्तर येते, “नाही टाकला तर धोका.” मुलगा सही करतो. तिथे उभे राहून वेगळे काही करणारा मुलगा मला तरी भेटलेला नाही.

या दोन मिनिटांत कुणी खोटे बोललेले नसते. तरीही दोन अगदी वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात. पहिला प्रश्न त्रासाचा : चढ चढताना वडिलांच्या छातीत भरून येते, ते थांबेल का? दुसरा धोक्याचा : वडिलांना पुढे हृदयविकाराचा झटका येईल का, त्यात ते दगावतील का? स्टेंट पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्याचा आजार स्थिर आहे, त्याच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो नाही. माझे सगळे म्हणणे या एका भेदावर उभे आहे, म्हणून नळवाल्यांचा युक्तिवाद एकेक करून तपासू.

पहिली गोष्ट, धमनी नळ नाही. नळाची भिंत मेलेली असते, धमनीची जिवंत असते. चरबी धमनीच्या पोकळीत साचत नाही, भिंतीच्या आत साचते. आणि भिंत सुरुवातीला बाहेरच्या बाजूला फुगून आतली वाट मोकळी ठेवते, हे ग्लॅगोव्ह या संशोधकांनी १९८७मध्ये दाखवून दिले. अँजिओग्राफीत दिसते ती फक्त आतल्या वाटेची सावली. म्हणजे भिंत बरीच सडलेली असूनही सावली निर्दोष दिसू शकते. ‘रिपोर्ट नॉर्मल आला’ म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट, झटका म्हणजे हळूहळू तुंबत गेलेला नळ एकदाचा बंद होणे नव्हे. बहुतेक वेळा भिंतीतल्या चरबीच्या गाठीवरचा पातळ पापुद्रा फाटतो, आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो आणि काही मिनिटांत तिथे रक्ताची गुठळी धरते. ज्यांची आधी अँजिओग्राफी झालेली होती आणि ज्यांना पुढे झटका आला, अशा रुग्णांच्या जुन्या फिल्म काढून पाहिल्या, तेव्हा जिथे झटका आला ती जागा पूर्वी अनेकदा निम्मीसुद्धा अरुंद नव्हती असे आढळले. याचा अर्थ अरुंद जागा निरुपद्रवी असते असा नाही. एकेक जागा घेऊन तुलना केली तर जास्त अरुंद जागेचा धोका जास्त भरू शकतो. पण अशा जागा असतात दोन-तीन, आणि आजार असतो तिन्ही धमन्यांच्या सगळ्या लांबीत. दोन-तीन सेंटिमीटरची जाळी एका जागी बसवून उरलेल्या भिंतीचे काय केले? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष पुरावा. २००७मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या २,२८७ रुग्णांचा ‘करेज’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थिर आजारात औषधांबरोबर स्टेंट टाकला काय, नुसती औषधे दिली काय, मृत्यू आणि झटके सारखेच. नळवाले म्हणाले, स्टेंट जुन्या बनावटीचे होते, रुग्णही सौम्य आजाराचे निवडले होते. मग ‘इस्केमिया’ हा अभ्यास झाला. ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण त्यात होते, भारतातलेही होते. ताणचाचणीत हृदयाचा रक्तपुरवठा बराच कमी पडतो असे दिसलेलेच रुग्ण घेतले आणि स्टेंटही नव्या पिढीचे वापरले. एका गटाला आधी अँजिओग्राफी आणि मग स्टेंट किंवा बायपास. दुसऱ्या गटाला औषधे, आणि औषधांनी भागले नाही तरच हस्तक्षेप. २०२०मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पहिल्या गटात १४५ मृत्यू, दुसऱ्यात १४४. यावर पुन्हा सांगितले गेले की स्टेंटच्या गटात नंतरच्या काळात आपणहून आलेले झटके कमी होते. खरे आहे. पण त्याच गटात सुरुवातीला प्रक्रियेमुळे आलेले झटके जास्त होते, आणि पुढे आणखी काही वर्षे पाठपुरावा करूनही एकूण मृत्यूंत फरक पडला नाही.

आता उरतो सगळ्यात चिवट युक्तिवाद, अनुभवाचा. “आकडे राहू द्या हो, माझे रुग्ण स्टेंटनंतर खडखडीत बरे होतात, हे मी रोज पाहतो.” याला उत्तर १९५९मध्येच मिळाले होते. त्या काळी अमेरिकेत छातीच्या आतून जाणारी एक धमनी दोऱ्याने बांधायची शस्त्रक्रिया जोरात होती; तिकडची वाट बंद केली की रक्त हृदयाकडे वळेल, असा हिशेब. रुग्णांचे दुखणे थांबत होते, ते दुवा देत होते. मग सिएटलच्या डॉक्टरांनी काही रुग्णांची धमनी बांधली आणि काहींना नुसता कातडीवर छेद देऊन टाके घातले. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. ती शस्त्रक्रिया तिथेच संपली. लंडनच्या ‘ऑर्बिटा’ अभ्यासाने २०१७मध्ये स्टेंटला हाच कस लावला. २०० रुग्ण, प्रत्येकाच्या एका धमनीत मोठी अरुंद जागा. सगळ्यांना आधी सहा आठवडे नीट औषधे दिली. मग कॅथ लॅबमध्ये गुंगी देऊन कानांवर हेडफोन लावले, त्यात संगीत सुरू केले, म्हणजे डॉक्टरांचे बोलणे कानी पडू नये. निम्म्यांना स्टेंट टाकला. उरलेल्यांना काही न करता किमान पंधरा मिनिटे टेबलावर तसेच ठेवले. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांना ट्रेडमिलवर चालवले, तर चालण्याच्या वाढलेल्या वेळेत दोघांमध्ये फरक भरला जेमतेम १६ सेकंदांचा, आणि तोही योगायोग म्हणून सोडून देता येण्याजोगा. डॉक्टर जे रोज डोळ्यांनी पाहतात ते खरेच असते. ते कशामुळे घडते, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही.

मी स्टेंटच्या विरोधात नाही, हे इथेच सांगितले पाहिजे. त्याच संशोधकांनी २०२३मध्ये दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. या वेळी त्यांनी छातीदुखीची औषधे आधी थांबवली होती, आणि त्यात स्टेंटने खोट्या प्रक्रियेपेक्षा स्पष्टपणे जास्त आराम दिला. ‘इस्केमिया’तही ज्यांची छाती वारंवार दुखत होती त्यांना स्टेंटचा चांगला उपयोग झाला, आणि ज्यांना त्रासच नव्हता त्यांना जवळजवळ काहीच लाभ झाला नाही. म्हणजे पुरावा स्टेंटला नाकारत नाही, त्याचे खाते कोणते ते सांगतो : त्रास.

अपवाद आहेत आणि ते मोठे आहेत. डाव्या मुख्य धमनीतच अडथळा असेल, किंवा अनेक धमन्या आजारी असून हृदयाचा पंप दुबळा झाला असेल, तर बायपासने आयुष्य वाढते. बसल्याजागी दुखू लागले, दुखणे नव्याने सुरू झाले किंवा दिवसागणिक वाढू लागले, तर तो आजार स्थिर राहिलेला नाही. तिथे घरी बसून विचार करत राहायचे नसते. आणि प्रत्यक्ष झटक्यात तर त्रास आणि धोका एकाच जागी, एकाच गुठळीत असतात. ती धमनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. तिथे स्टेंट जीव वाचवतो, अगदी शब्दशः. घोळ इथूनच सुरू होतो. झटक्यात कमावलेली पुण्याई स्थिर रुग्णाच्या खात्यावर जमा होते. काकांना मध्यरात्री स्टेंट टाकला आणि ते वाचले, म्हणून मामांनाही तपासणीत सापडलेल्या सत्तर टक्क्यांसाठी स्टेंट. काकांचे आणि मामांचे दुखणे एकच आहे, असे घर धरून चालते. त्याच वेळी तालुक्याच्या गावात कुणाच्या तरी छातीवर दगड ठेवल्यासारखे होते, दरदरून घाम फुटतो, आणि घरचे ‘गॅस झाला असेल’ म्हणून सोडा पाजून त्याला निजवतात. ज्याला एक-एक मिनिट मोलाचे आहे त्याचा ईसीजीही निघत नाही, आणि ज्याला विचार करायला महिनाभर सवड आहे त्याची सही दोन मिनिटांत होते.

मग धोका कशाने कमी होतो? ज्या गोष्टी पडद्यावर दिसत नाहीत त्यांनी. १९९४च्या स्कँडिनेव्हियातल्या अभ्यासात ४,४४४ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी, गोळी दिली, तर त्यांच्यातले मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. गोळी धमनीतली एखादी जागा उघडत बसत नाही, सगळ्या भिंतीवर काम करते. रक्तदाब आणि साखर आटोक्यात ठेवणे, तंबाखू, मिश्री, बिडी सुटणे, हे सगळे याच जातीचे उपाय. त्यांची अडचण एकच : त्यांनी टळलेला झटका कुणाच्याच अनुभवात येत नाही. जो आलाच नाही त्या झटक्याबद्दल आभार कुणाचे मानणार? म्हणून आभार स्टेंटचे मानले जातात, आणि ‘आता स्टेंट टाकलाय ना’ म्हणत दोन-चार महिन्यांत गोळ्या बंद होतात, पुडी पुन्हा खिशात येते. नळाच्या कल्पनेने केलेले खरे नुकसान इथे आहे. अनावश्यक स्टेंटने पैसा जातो. धोका टळल्याच्या खोट्या दिलाशाने माणूस जाऊ शकतो.

म्हणून माझी मागणी कायद्याची किंवा किमतीची नाही. झटका नसेल तेव्हा अँजिओग्राफीच्या टेबलावरच स्टेंटची परवानगी मागू नये. ते बोलणे आधी, बाहेर खुर्चीवर बसून, स्वतः रुग्णाशी व्हावे. आणि संमतीपत्रावर दोन वेगळ्या ओळी असाव्यात : हा उपचार तुमचा त्रास कमी करण्यासाठी आहे की धोका कमी करण्यासाठी? मळ्यापर्यंत न थांबता चालत जाता यावे म्हणून कुणी स्टेंट टाकून घेतला तर त्यात गैर काही नाही. औषधे घेऊनही दुखत असेल तर तो उत्तम निर्णय आहे. फक्त आपण काय विकत घेतले, हे त्याला ठाऊक असावे.

यावर ठरलेला आक्षेप येईल की सामान्य रुग्णाला एवढे कळत नाही, त्याला घाबरवू नका. पाऊस लांबला तर दुबार पेरणी करायची की थांबायचे, लेकीच्या लग्नाला कर्ज काढायचे की जमीन विकायची, हे ज्याने आयुष्यभर तोलले, त्याला आजचा त्रास आणि उद्याचा धोका यांतला फरक कळत नाही, हे मानायला मी तयार नाही. टक्के सांगून त्याची सही घेतली जाते, हा फरक त्याच्यापुढे मांडलाच जात नाही. तो मांडल्यावर त्याने काहीही ठरवले, तरी ती सही त्याची स्वतःची असेल.