स्टँडखालचा दगड

साताऱ्यातल्या आमच्या टोळक्यातल्या पाच जणांनी गेल्या जानेवारीत जैसलमेर केलं. ‘केलं’ हा त्यांचा शब्द. कळसूबाई करतात, चारधाम करतात, तसं. हजारावर किलोमीटर गाड्या हाणत जायचं, समच्या वाळूच्या टेकड्यांपुढं गाड्या ओळीनं लावून फोटो काढायचे आणि परत यायचं. मला रजा मिळाली नाही, म्हणून मी नुसता ऐकणारा झालो. ऐकलेल्यातली एक गोष्ट डोक्यात राहिली. वाळूत गाडीचं साइड स्टँड रुततं आणि गाडी हळूहळू कलंडते, म्हणून प्रत्येकानं बॅगेत एक चपटा दगड नेला होता. मी विचारलं, ऊन किती होतं? तर म्हणाले, ऊन कसलं, पहाटे हँडल धरवत नव्हतं इतकी थंडी.

म्हणजे वाळवंट बघायला आपण जातो ते त्यातलं ऊन वजा करून. मला यात त्यांची चेष्टा करायची नाही, मीही रजा मिळाली असती तर जानेवारीतच गेलो असतो. पण ती गोष्ट टोचत राहिली. शेवटी मे महिन्यात त्यांच्यातल्या एकाचा तो दगड मागून घेतला आणि आपल्याच दोन जिल्ह्यांतून निघालो. महाबळेश्वर, सातारा, म्हसवड, आटपाडी, जत आणि पार कर्नाटकच्या हद्दीवरची उमदी. जाऊन येऊन दोन दिवस. लडाख करून आलेल्यांपुढं हे सांगायची सोय नाही.

महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यात, दीडशे किलोमीटरच्या आत, म्हसवडला पाचशेसुद्धा धड पडत नाही. सह्याद्रीनं ढग अडवले आणि पलीकडं पर्जन्यछाया पडली, हे आपण सातवी-आठवीत पाठ केलेलं असतं. मोटारीच्या बंद काचेआड ते पाठच राहतं. दुचाकीवर ते अंगाला कळतं. पहाटे निघताना जाकीट लागलं, साताऱ्यात ते काढलं. कोरेगावच्या शिवारात उसाला पाणी चाललं होतं, त्या ओल्या मातीचा गारवा रस्त्यावर मधूनमधून अंगावर यायचा. वर्धनगडाचा घाट चढून पुसेगावच्या अंगाला उतरलं आणि तो गारवा संपला. हळूहळू नाही, एकदम.

दहिवडीच्या पुढं मी एक चूक केली. जाकीट काढलं होतंच, बाह्याही वर सारल्या, वारं लागावं म्हणून. वारं लागलं की गार वाटतं, हा आपला अनुभव कातडीपेक्षा थंड हवेचा. कातडी असते चौतीस-पस्तीस अंशांना. हवा चाळिशीपार गेली की वारा अंगातली उष्णता काढून नेत नाही, उलट आणून ओततो. उघड्या कातडीवरचा घाम दिसायच्या आत उडतो. शर्ट कोरडा, कपाळ कोरडं, म्हणजे आपल्याला घाम येतच नाही असं वाटतं, आणि एक बाटली पाणी अंगातून कधी गेलं ते कळत नाही. एका टपरीवर थांबलो तेव्हा बाकड्यावरच्या म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघून विचारलं, “कुठलं पावणं?” सांगितलं. “आन् कान उघडं टाकून हिंडतायसा व्हय?” मग टपरीवाल्याला म्हणाले, “त्यास्नी आधी पानी दे, च्या मागनं.” टॉवेल ओला करून डोक्याकानाला गुंडाळायला त्यांनीच शिकवलं. तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं की वाटेत दिसलेल्या एकाही माणसाचं अंग उघडं नव्हतं. मेंढरांमागचा धनगर तर ऐन उन्हात खांद्यावर घोंगडी टाकून चालला होता. मला ती नेहमी गैरसोय वाटायची. सावली बरोबर घेऊन चालायची ती युक्ती आहे.

त्या रस्त्यावर दुचाकी भरपूर होत्या, पण ‘राइड’ला निघालेला मी एकटाच. दोन्ही अंगांना दुधाच्या किटल्या लटकवलेली एम-80 अजून तिकडं पळते. तिचा तो फुटक्या घशाचा आवाज वळणाआडूनही ओळखू येतो. एकानं कडब्याच्या पेंढ्या अशा बांधल्या होत्या की गाडी दिसतच नव्हती, कडबाच धावत होता. एकाच्या गाडीला चार प्लॅस्टिकचे कॅन. मी हात केला, त्यानं मान हलवली. आम्ही दोघंही उन्हातनं लांब चाललो होतो, पण त्याच्या फेरीला नाव नव्हतं.

लांबच्या मोटारसायकल प्रवासाचं जे तत्त्वज्ञान हल्ली सांगितलं जातं, त्यात एक शब्द फार येतो: आव्हान. तहान, ऊन, थकवा यांच्याशी स्वतःला भिडवून बघणं. मला ते खोटं वाटत नाही. माणसाला आपली सीमा बघावीशी वाटते. पण त्या आव्हानाला एक परतीची तारीख असते आणि सगळी मजा त्या तारखेत आहे. माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तली माणसं दुष्काळात गाव सोडून निघतात, तेव्हा त्यांच्याकडं ती तारीख नसते. १९५५ साली आलेली ती कादंबरी आपण माणदेशी जीवनाचं चित्रण म्हणून वाचतो. मला ती यावेळी एक प्रवासवर्णन वाटली, पहिल्या पानावर गावाकडं चालत येणारा मास्तर आणि शेवटी रिकामं झालेलं गाव.

आता हे वाळवंट आहे का, याचा एकदा निकाल लावू. वर्षाला अडीचशे मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर वाळवंट, अशी भूगोलात ढोबळ व्याख्या आहे. जैसलमेर त्यात बसतं. माण, आटपाडी, जत बसत नाहीत. हे गवताळ माळ आहेत. माडग्याळी मेंढी, खिल्लार बैल, लांडगा, माळढोकाची आठवण, हा सगळा गवताचा संसार. सरकारी कागदांनी त्याला ‘पडीक’ म्हटलं आणि आपण ‘दुष्काळी पट्टा’. दोन्ही शब्दांत एक सोय आहे. जे निसर्गानंच उजाड केलंय त्याचा जाब कुणाला विचारायचा?

आणि गंमत अशी की ‘वाळवंट’ हा शब्दच मुळात आपल्याकडं उजाडपणाचा नाही. मराठी माणसाच्या कानात तो आधी पंढरपूरचा आहे. चंद्रभागेचं वाळवंट, जिथं कीर्तन रंगतं, दिंड्या उतरतात, पाय बुडवायला चार पावलांवर पाणी असतं. थर नि सहारा शाळेच्या पुस्तकातून नंतर आले. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ नदीचा काठ होता, त्याच शब्दानं आपण पाणी नसलेला प्रदेश ओळखू लागलो. शब्दांचं असं होतंच, त्याचं एवढं काही नाही. पण इथं शब्दाबरोबर जमीनही तशीच बदलत गेली.

माणगंगा म्हसवड, आटपाडी, सांगोला करत पंढरपूरच्या खाली सरकोलीजवळ भीमेला मिळते. वर्षातले कित्येक महिने तिच्यात वाहतं पाणी नसतंच, पूर्वीही नसायचं. पण पूर्वी तिच्यात वाळू होती. दख्खनचा हा सगळा भाग काळ्या पाषाणाचा. वर वीतभर मुरमाड माती, खाली खडक. पडलेला पाऊस मुरत नाही, धावत सुटतो. नदीतली जाड वाळू ही इथली टाकी होती. पुराचं पाणी वाळूच्या दाण्यांमध्ये थांबायचं आणि वरच्या फूट-दीड फुटाच्या थराखाली ऊन पोचत नसल्यानं उन्हाळाभर तिथंच राहायचं. बायका वाळूत झिरा उकरायच्या, नरोटीनं पाणी भरायच्या. झिऱ्याचं पाणी गाळून आलेलं, गार. काठावरच्या विहिरी त्याच ओलीवर जगायच्या. थोडक्यात, इथं वाळू होती म्हणून पाणी होतं.

ती वाळू गेली कुठं हे सांगायला नको. आपण ज्या घरात बसून हे वाचतो आहोत, त्याच्या स्लॅबमध्ये आहे. मी जतच्या मुक्कामात कागदावर एक हिशेब केला. वाळू ब्रासवर विकतात, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यात पाव भाग पोकळी धरली, तर एका ब्रासच्या पोटात सुमारे सातशे लिटर पाणी मावतं. म्हणजे नदीतून निघणारा दर ब्रास हा सातशे लिटरची एक टाकीच उचलून नेतो, आणि तीही एकदाची नाही, दर पावसाळ्यात फुकट भरणारी. नंतर त्याच रस्त्यानं पाण्याचा टँकर येतो. या दोन फेऱ्यांचा एकमेकींशी असलेला संबंध कुठल्याही वहीत नोंदला जात नाही.

हे कुणालाच कळलं नाही असं मात्र नाही. खानापूर तालुक्यात बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांना ते चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं. येरळा नदीतली वाळू ठेकेदार उपसत होते. मुक्ती संघर्ष चळवळीनं तो उपसा अडवला आणि उलटी मागणी केली, थोडी वाळू आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही धरण बांधतो. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. महात्मा फुल्यांचा बळीराजा. पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, तर माणसांच्या प्रमाणात, भूमिहीनालाही, हा त्यामागचा विचार. मला त्या धरणाच्या भिंतीपेक्षा तो विचार जास्त टिकाऊ वाटतो. तिकडं केनियात मचाकोस-कितुईच्या कोरड्या मुलखात माणसं आटणाऱ्या नद्यांवर लहान बांध घालतात ते मुद्दाम वाळू साठावी म्हणून. ते वाळू धरून ठेवायला घाम गाळतात आणि आपण ती रात्रीच्या डंपरनं पाठवून देतो.

वाळूबरोबर माणसंही लांब गेली. विटा, आटपाडी, खानापूर, कवठेमहांकाळ या भागातले गलाईवाले देशभरातल्या सराफकट्ट्यांत आहेत. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. दुष्काळानं त्यांना हाकललं आणि त्यांनी अशा गल्ल्यांत दुकानं थाटली की आज तमिळनाडूतल्या एखाद्या शहरात गेलात तरी भट्टीमागनं माणदेशी बोली ऐकू येईल. सोनं वितळतं १०६४ अंशांना. उन्हाला कंटाळून गाव सोडलेल्या माणसानं त्या भट्टीपुढं बसावं, यातला विनोद त्यांच्या लक्षात आला नसेल असं नाही, पण तो विनोद करायला त्यांना सवड नसावी. लांब पल्ल्याचे खरे प्रवासी हेच. गावच्या जत्रेला येतात, आणि माळावर मध्येच एक तीन मजली बंगला दिसतो, बहुतेक बंद.

सांगली जिल्ह्याचा नकाशा पाहिला तर पाण्याची चेष्टाच वाटते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर, सव्वातीनशेवर किलोमीटर. कृष्णेचं पाणी रुळांवरून चाललेलं साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, जत तालुक्यात, त्याच उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं होती. मला त्या रेल्वेबद्दल तक्रार नाही. तहानलेल्याला पाणी दिलं, हे चांगलंच झालं. पण लांबचं वाळवंट आपल्याला नेहमी जास्त स्पष्ट दिसतं. जतच्या गावांनी पाण्यासाठीच कर्नाटकात जायचे ठराव केले होते, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांवर दावा सांगितला, तेव्हा कुठं मुंबईला जत दिसलं.

टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना आता बऱ्यापैकी पोचल्या आहेत. आटपाडीत १९९३ पासून भरणाऱ्या पाणी परिषदांनी आणि नागनाथअण्णा नायकवडींसारख्यांनी त्यासाठी जो तगादा लावला, तो वेगळ्या लेखाचा विषय. मला वाटेत कालवा दिसला, डाळिंब दिसलं, आणि जिथं दिसू नये असं वाटत होतं तिथं ऊसही दिसला. ऊस बघून वाईट वाटलं. मग स्वतःचाच राग आला. तीन पिढ्या कोरड्या गेलेल्या शेतकऱ्यानं पहिलं पाणी कशाला द्यावं, हे सांगणारा मी कोण? उसाच्या गावात वाढलेला माणूस. तरीही वाईट वाटलंच.

दुसऱ्या दिवशी उमदीहून परत फिरलो. नागजच्या आसपास ऊन इतकं होतं की टाकीला गुडघा लागला तरी चटका बसायचा, इंजिनचा वास वेगळा यायला लागला म्हणून एका लिंबाखाली तासभर गाडी थंड केली. ढालगावच्या अंगाला पवनचक्क्या फिरत होत्या. वारा तोच, मला भाजणारा. कुणाच्या तरी घरी पंखा लावत असेल.

म्हसवडच्या अलीकडं दिवस कलताना पुलाशेजारची वाट धरून गाडी माणगंगेच्या पात्रात उतरवली. फोटो काढायचा होता, टोळक्याला पाठवायला. पात्रात वेडी बाभळ माजलेली, मधे उपसलेले खड्डे, खड्ड्यांच्या तळाशी भेगा पडलेला गाळ. एक बाई शेळ्या वळत होती. मी विचारलं, “मावशी, इथं झिरा कुठं उकरतात?” तिनं आधी मला, मग गाडीला न्याहाळलं. “झिरा? माज्या सासूच्या वक्ताला हुता.” आणि शेळ्यांमागं गेली.

मी बॅगेतून साताऱ्याहून आणलेला तो चपटा दगड काढला, वाकून स्टँडखाली सरकवायला गेलो. स्टँड आधीच टेकलेलं होतं. खाली खडक होता. गाडी घट्ट उभी होती.