व्रत मोडले म्हणून माळ उतरवावी काय?

तुळशीची माळ गळ्यात पडली की दारू सुटली, असे आपण सहज बोलून जातो. मद्य-मांस वर्ज्य, एकादशी धरायची, पंढरीची वारी चुकवायची नाही, हे नियम माळकऱ्याच्या घरी लहान पोरालाही ठाऊक असतात. परंतु माळ घातलेला मनुष्य एखादे दिवशी पुन्हा प्यायला, तर आपण काय करावे? हा प्रश्न आम्ही कीर्तनात कधी घेतला नव्हता. आरे-वारे येथे तो आपण होऊन आमच्यापुढे येऊन बसला, म्हणून आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्यास समुद्राच्या कडेकडेने जी वाट जाते, त्या वाटेवर आरे आणि वारे ही गावे लागतात. गेल्या श्रावणाच्या पहिल्या दिवशी तेथे आमचे भजन होते. आदला दिवस आषाढी अमावास्येचा. बायाबापड्यांनी घराघरात दिवे घासून पुजले होते. आणि त्याच दिवसाला गटारी म्हणणाऱ्यांनी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात बाटल्या फोडल्या होत्या. एकच तिथी, पण एक घर दिवा उजळते आणि दुसरे विझवते!

भजन आटोपल्यावर एक गृहस्थ मागे राहिले. चिऱ्याच्या बांधकामावरचे गवंडी. एका आषाढीला पंढरपुरात माळ घातली, ती पुढच्या आषाढीपर्यंत थेंब न घेता सांभाळली. त्यांनी गळ्यातली माळ काढून आमच्यापुढे ठेवली.

"बुवा, ही तुमच्याकडं ठेवा. काल प्यायलो मी. आता गळ्यात घालायची लाज वाटते."

खरे सांगतो, आमचा हात माळेकडे गेला होता. नियम तो नियम. पण घेण्याआधी विचारले, "काल झालं तरी काय?"

"लावणी उरकली होती. पावसामुळं बांधकाम बंद. बनात जुने सोबती बसलेले. म्हणाले, वर्ष झालं की आता, एकानं काय होतंय? मलाही वाटलं, मी जिंकलोय, आता काय भ्यायचं?"

'जिंकलोय' हा शब्द ऐकला आणि आम्ही चपापलो. हा शब्द त्यांचा नव्हता, आमचा होता. वारीहून परतल्यावर भर कीर्तनात आम्ही त्यांना उभे केले होते आणि "याने दारू जिंकली" म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. संध्याकाळ झाली की जीभ अजून ओढ घेते, हे त्यानंतर त्या माणसाने कोणाला सांगावे? आम्ही त्याला इतक्या उंचावर बसविले की हाक मारायलाही जवळ कोणी उरले नाही.

वाचकहो, येथे थोडा विचार करू. कोणी एकदाच पंढरी पाहून आला आणि "झाली माझी वारी" म्हणून घरी बसला, तर त्याला आपण वारकरी म्हणतो काय? पुन्हा पुन्हा जातो तो वारकरी. निर्व्यसनाचेही तसेच आहे. ते एकदा सर करून ठेवायचे शिखर नव्हे, रोज उठून चालायची वाट आहे. अमेरिकेत १९३५ साली सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' या मंडळींची रीतही हीच. दारू सोडणारे एकत्र बसतात, आपले खरे सांगतात आणि आजचा एक दिवस सांभाळतात. आपल्याकडे त्याला सत्संग म्हणतात. पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' हे केंद्र चालू आहे. तेथेही व्यसनी मनुष्याला पापी न मानता आजारी मानूनच हात देतात.

आजार म्हटला म्हणजे औषधही आले. फार वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हात कापतात, भ्रम होतो, झटकेही येतात, आणि त्यात जीव जाऊ शकतो. अशा माणसाला नुसती शपथ घालू नये, आधी डॉक्टरकडे न्यावे. आणि "थोडी घेतली तर बरी" म्हणणाऱ्यांनी हेही ऐकून ठेवावे की, आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही माप नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे.

कोणी म्हणेल, सरकारने बंदी करावी म्हणजे झाले. बंदीला आमचा विरोध नाही. गावच्या स्त्रिया मतदान करून बाटली आडवी करतात, तेव्हा कित्येक घरांची चूल वाचते. पण १९४९ साली मुंबई राज्याने दारूबंदीचा कायदा केला, त्यातच प्रकृतीच्या कारणासाठी पिण्याचे परवानेही निघाले. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली, ती २०२१ साली उठली. कायदा दुकानाला कुलूप लावू शकतो. मनाची ओढ मात्र माणसाच्या जवळ बसूनच ओळखावी लागते. श्रावणापुरती सोडणाऱ्याचे पाहा ना! महिनाभर तो पीत नाही खरा, पण महिना कधी संपतो याचे दिवस मोजीत राहतो. दारू बाटलीत राहिली, तरी चित्तातून गेली नाही.

मग पडला तर पडू द्यावे काय? मुळीच नाही. पडणे क्षम्य म्हणून ठरवून पडणे, हा माळेचा आणि घरच्या माणसांचाही अपमान आहे. त्या गृहस्थांची पत्नी दाराशी उभी होती. ती एवढेच म्हणाली, "ह्यांनी सकाळी आपणहून सांगितलं, लपवलं नाही. पण माझी भीती अजून गेली नाय." तिला "माफ कर, बाई" असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. माळ आम्ही परत देऊ शकत होतो, तिचा विश्वास त्यांनाच दिवसादिवसाने मिळवावा लागणार होता.

आम्ही माळ उचलली आणि त्यांच्याच हाती दिली. म्हणालो, "बाबा रे, चुकलास तू, आणि चुकलो आम्हीही. ही बक्षीस म्हणून घालू नकोस, काठी म्हणून घाल. ओढ लागली की रात्री-अपरात्री आमच्याकडे ये." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे सुरूच्या बनातल्या काचा वेचायला गेलो. हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणाऱ्या आणि मग कीर्तनाला उभे राहणाऱ्या गाडगेबाबांची तेथे फार आठवण झाली.

येत्या आषाढी अमावास्येला, सोबती ज्या वेळी बनात बसतात नेमक्या त्याच वेळी, आरे येथे दिव्यांच्या उजेडात हरिपाठ ठेवायचे ठरले आहे. आपापल्या गावीही असेच करावे, ही विनंती. दारूची निंदा करायला शंभर जण जमतात, त्या एका संध्याकाळी एखाद्याच्या शेजारी बसायला एक तरी जमावा.

रामकृष्ण हरी.